पिवळ्या रेनकोटमधला प्रितम

रविवारी दुपारी चारला मी हेडफोन चढवला की आई म्हणते, "बसला भुतं मारायला." भुतं नव्हेत, झॉम्बी, पण आईला कोण समजावणार! खेळ चौघांचा. मेलेल्यांनी भरलेल्या शहरातून एकमेकांना सांभाळत एका सुरक्षित खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचायचं. कुणी खाली पडला तर दुसऱ्याने हात देऊन उठवायचं, आपलं आपल्याला उठताच येत नाही. कीर्तनाइतकाच मला हा खेळ आवडतो, आणि कारणही तेच. एकट्याने होत नाही.

चौघे म्हणजे मी, शिवा, गणू आणि प्रितम. आमच्या कोन गावच्या देवळात कीर्तनकार बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचो तेही आम्हीच. मग शिवा जहाजावर लागला, गणू बायकोला घेऊन गुजरातला गेला. खेळात माणूस नसला किंवा मधेच उठून गेला की त्याच्या जागी कॉम्प्युटर खेळतो. आता दोन कॉम्प्युटर, एक मी, आणि पुण्याहून प्रितम.

मंगळवारपासून गावात सप्ताह बसणार होता. दोन वर्षं प्रितम आला नव्हता. फोनवर विचारलं की "बघू" म्हणायचा. खेळता खेळता विचारलं तर मनातलं बोलेल, असं धरून मी बसलो होतो.

"शैल्या, डावीकडे! डावीकडे बघ, गाढवा!"

"बघतोय रे. तू आधी बंदूक भर."

"माझी भरलेलीच असते. तुझ्यासारखा टाळ कुटत नाय फिरत मी."

तेवढ्यात पुलावर ही झुंड आली. मी पडलो. खेळात नेहमी पिवळ्या रेनकोटमध्ये असणारा प्रितम धावत आला, मला उठवलं, आपली औषधाची पेटीसुद्धा माझ्यावरच वापरली. एरवी पेटीसाठी तो किती भांडायचा! मला भरून आलं.

"प्रितम," मी म्हणालो, "सप्ताहाला ये रे. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला तरी. डाव्या हाताला तू नसलास की माझा टाळ कुणाशी जुळत नाय. बुवा गजर घेतात ना, तवा मी उगाच तिकडे बघतो. आईला नाय सांगितलं, पण गावात आता बोलायलाच कोण नाय मला."

तो बोलला नाही. माझ्या मागोमाग चालत राहिला. मीही छेडलं नाही. मनाला लागलं की प्रितम गप्प होतो, हे मला शाळेपासून माहीत.

सुरक्षित खोली आली. मी दार लावलं. टाळ गळ्यात घालण्याआधी टाळकरी एकमेकांच्या पाया पडतात. तसं पुढचं दार उघडण्याआधी आम्ही खाली बसायचं बटण दाबून एकमेकांपुढे वाकायचो. शिवाने पाडलेला रिवाज. मी वाकलो. पिवळा रेनकोट भिंतीकडे तोंड करून उभा. मी पुन्हा वाकलो. त्याने बंदूक भरली.

तेव्हा कुठे मी पडद्याच्या बाजूला असलेल्या खेळाडूंच्या यादीकडे पाहिलं. त्यात माणूस एकच होता. पेटी माझ्यावर खर्चणारा प्रितम नव्हताच, मला उठवण्याआधीच तो गेला होता.

मी फोन लावला.

"सॉरी रे, सासरची माणसं टपकली अचानक," तो हळू आवाजात म्हणाला. "हेडफोन तसाच टाकून उठलो. का रे, काय बोलत होतास?"

"सप्ताह बसतोय. काल्याला येतोस?" एवढंच तोंडातून निघालं. बाकीचं कॉम्प्युटरला सांगून झालं होतं.

"नाय जमणार, शैल्या." या वेळी तो "बघू" म्हणाला नाही. "पण रविवारी खेळू ना?"

"खेळू."

काल्याला माझ्या डाव्या हाताला काळूरामकाका उभे राहिले. मिठागरात आयुष्य गेलेला माणूस, हात जड झालेले, लयीच्या जरा मागेच राहतात. मी आपला प्रितमबरोबर वाजवायचो तसाच वाजवत राहिलो आणि आमचे टाळ दोन ठिकाणी पडत राहिले. गजर चढला तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं, ओशाळून हसले. मग मी त्यांच्या हाताकडे बघत वाजवू लागलो.