दोन फुटांचा ओटा

रत्नमालाने पत्र्याच्या डब्यातली फक्की मुठीत घेतली आणि वाकून जमिनीवर पांढरी रेष ओढली.

"इथं ओटा. दोन फूट उंच घे, गणेश."

टेपचं टोक धरून बसलेला गणेश हसला. "काकू, दोन फुटाचा लय बुटका होईन. वाकू वाकू कंबर जाईन तुमची."

"मी सांगून राह्यली ना, दोन फूट. अन् खालून मोकळा ठेव."

निंबाच्या सावलीत चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणिकरावांना राहवेना. तीस वर्षं त्यांनी मेडशीपासून मालेगावापर्यंत लोकांची घरं बांधली होती. गणेश त्यांच्याच हाताखाली थापी धरायला शिकला. मागच्या पावसाळ्याआधी परांची तुटली, माणिकराव दुसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगाऱ्यावर पडले, आणि कंबरेखालचं शरीर त्यांचं राहिलं नाही. गल्लीतल्या घराला चार पायऱ्या. त्यांना बाहेर काढायचं तर चार माणसं लागत. म्हणून गावाबाहेरच्या या तुकड्यावर दहा बाय चौदाची, वरून पत्र्याची एक खोली बांधायची रत्नमालाने ठरवलं. मिरग लागायच्या आत.

"बाईमाणसाले बत्तीस इंच लागते," ते म्हणाले. "आजवर तेच केलं म्या. अन् खालून मोकळा कायले?"

"खुर्चीत बसून तुमचे पाय खाली जातीन."

"मी सैपाक करू काय आता?"

गणेश मोठ्याने हसला. रत्नमाला हसली नाही. तिने काठी उचलली आणि खुर्चीजवळ आली.

"हात वर करा."

त्यांनी केला. बोटं जिथवर पोचली तिथे तिने काठीवर विळ्याने खूण केली. ही बटणांची. त्याखाली डब्यांच्या फळीची. मग तिने त्यांना हात समोर धरायला लावला आणि आणखी एक खूण केली.

"ही कायची?"

"बुद्धाच्या कोनाड्याची."

माणिकरावांचा हात तसाच अधांतरी राहिला. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी मेणबत्ती तीच लावत आली होती. ते कामाच्या घाईत उभ्या उभ्या हात जोडत, तेवढंच.

त्यांनी जमिनीकडे नीट पाहिलं. एखाद्या परक्या घराचा नकाशा वाचावा तसा वाचला. सकाळपासून ती गणेशला सांगत होती तेही आठवलं: न्हाणीला उंबरा नाही, भिंतीला धरायची दांडी. नळ गुडघ्याच्या उंचीवर. खाट खुर्चीला लागून, एकच. मधे पाच फुटांची मोकळी जागा, खुर्ची पुरी फिरावी एवढी. सगळं बसल्या माणसाच्या हातापाशी. उभ्या माणसासाठी त्या खोलीत काहीच नव्हतं.

"गणेश," ते म्हणाले, "फाट्यावरून तंबाखूची पुडी आण बरं."

गणेशने एकदा दोघांकडे पाहिलं, टेप गुंडाळून ठेवला आणि गेला.

"तू अकोल्याले गुडघे दाखवाले जात नव्हती."

रत्नमाला विटांच्या चळतीवर बसली. पदराने हाताची फक्की पुसू लागली.

"नाई."

"काय निघालं?"

"पोटात गाठ हाय. पसरली. कापून फायदा नाई म्हणते."

"कवा समजलं?"

"होळीच्या आधी."

माणिकरावांनी मनात महिने मोजले. दर पंधरा दिवसांनी ती सकाळच्या एस.टी.ने जायची, संध्याकाळी यायची आणि आल्या आल्या त्यांची कूस बदलायची.

"पोरीले सांगतलं?"

"आठवा चालू हाय धम्मदीपाले. बाळंत होऊ द्या."

"अन् किती..."

"डॉक्टरीणबाई म्हणे, दिवाळी दिसली तं दिसली." तिने पदर झटकला. "उद्यापासून तुमाले कणीक मळाले शिकवतो. मी नुसती पाहत बसीन. हात नाई लावणार."

माणिकराव खुर्चीच्या चाकाला लागलेली माती नखाने खरडत राहिले. खरडून झाल्यावरही नख तिथेच फिरत होतं. मग त्यांनी चाकं पुढे ढकलली. ओट्याची रेष चाकाखाली फिसकटली. डब्यातून मूठभर फक्की घेऊन ते खुर्चीतून कलले, पडतील असे कलले. रत्नमाला धरायला उठली, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मोकळ्या जागेत, एका खाटेला लागून, त्यांनी दुसऱ्या खाटेची चौकट आखली. तीस वर्षं दोरीसारखी सरळ रेष ओढणाऱ्या हाताची ती चौकट वाकडी आली.

"तिथं खाट टाकली तं खुर्ची फिरत नाई," ती म्हणाली.

"नको फिरू दे."

"मंग न्हाणीत कसे जासान?"

"सरकत जाईन."

"पाठीले जखमा होतीन. आधीच दोन हायेत."

"तू खाली जमिनीवर निजशीन अन् मी वर पाहत राहू काय? आजारी माणसाले खाट लागते, रत्ने. एवढं तं मले बी समजते."

डांबरी रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती त्या वाकड्या चौकटीकडे पाहत होती. तिने पावलांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि घरात कुठलीही वस्तू घेताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"घडीची घेऊ मंग. नंतर उचलून ठेवता येते."

माणिकरावांनी मान हलवली.

गणेश पुडी घेऊन आला तेव्हा काकू विटांवर बसलेली होती आणि काका खुर्चीत, तिच्या शेजारी. त्याने कुदळ उचलली. पायव्याच्या रेषांवरून फिरत तो मधल्या वाकड्या चौकटीपाशी थांबला.

"काका, ही नवीन दिसून राह्यली. इथं बी खोदू काय?"

"नाई," माणिकराव म्हणाले. "ती खोदाची नाई. बाजूनं जाय."