पाहुण्याचा दुपट्टा

शाल्मलीनं गालांना लावलेली पावडर मैनाबाईंनी पदरानं पुसून काढली, पदराकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"एवढ्या पावडरीत दोन लेकरं न्हाऊन निघतात. मले कायले नवरी करून राह्यली बाई?"

"काकू, कॅमेऱ्यात चेहरा चमकतो."

"चमकू दे. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच चमकून राह्यला."

शाल्मली हसत कॅमेऱ्यामागे गेली. समोरच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस रचलेला होता, भाव चढेल म्हणून ठेवलेला. त्या ढिगाला टेकून आवाजाचं काम करणारा अमरसिंग मांडीवर यंत्र घेऊन बसला होता. कानांवर हेडफोन, त्यामुळे तो सगळ्यांशी जरा मोठ्यानंच बोलायचा.

"काकू, कापसानं आवाज एकदम साफ येते. असा स्टुडिओ मुंबईत नाही भेटत!"

"मंग जाताना दोन क्विंटल घेऊन जाजो. पैसे रोख."

सिनेमात आईचं काम करायला अमरावतीहून एक बाई येणार होती. ती सकाळी निघालीही होती. नेरच्या स्टँडवर तिला नवऱ्याचा फोन आला, सिनेमा कशावर आहे म्हणून. तिनं सांगितलं. तो काय बोलला ते कोणाला कळलं नाही. बाई मात्र उलटी गाडी पकडून घरी गेली. पाहुण्याचं काम करणारा साकेत नागपूरच्या नाटकातला, त्याला संध्याकाळी परत जायचं होतं. हातात आजचाच दिवस.

हे कळलं तेव्हा नयन अंगणात उभा होता. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, पण धास्ती बसली की अजूनही दहावीच्या निकालाच्या दिवशी उभा होता तसाच उभा राहायचा, अंगठ्यानं माती उकरत. मैनाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून थोडा वेळ पाहिलं. मग गॅस बंद करून बाहेर आल्या.

"त्या बाईले करा काय लागत होतं? मायच व्हा लागत होतं ना? मले येते थे. सवय हाय."

नयननं मान वर केली.

"तुले माहीत नाही आई, काय बोला लागते ते."

"तू सांग. मले वाचता येत नाही, ऐकता येते."

त्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खोलीत येऊन तुरीच्या पोत्यावर बसला. हातात कागद होता, पण कागदाकडे न बघता, जमिनीकडे बघत सांगू लागला.

"पोरगा दोस्ताची मोटारसायकल आणाले गेला. पाहुणा एकटाच बसला हाय. माय येते अन् म्हणते…" तो थांबला. "म्हणते, ह्या घरचं पाणी तुले नाही. उठ."

"मंग?"

"मंग काही नाही. थे आत जाते. पाहुणा बॅग उचलते अन् निघून जाते."

"एवढंच?"

"एवढंच."

मैनाबाईंनी खोलीभर एकदा नजर फिरवली.

अकरा वर्षांपूर्वी, असाच फाल्गुन होता. नयननं अकोल्याच्या अनिकेतला घरी आणलं आणि याच खोलीत उभं राहून सांगितलं होतं, आई, आम्ही दोघं सोबत राहतो, लोकांचं लग्न असते तसं. तेव्हा मैनाबाई दोघांच्या तोंडावर ते पाण्याचं बोलल्या होत्या. अनिकेतला घेऊन निघायला म्हणून नयन चपला न घालताच दोस्ताची मोटारसायकल आणायला धावला. परत आला तेव्हा अनिकेत निघून गेलेला. नयन स्टँडवर पोचला तोवर यवतमाळची गाडी हलली होती. त्यानंतर अनिकेतनं त्याचा फोन कधी उचलला नाही. एकदाही नाही. दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला, तेही नयनला आठ दिवसांनी कोणाकडून तरी कळलं. त्यानं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा मैनाबाई फक्त "बरं" म्हणाल्या होत्या. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही. शेजारच्या विमलताईंना त्यांनी उपास आहे म्हणून सांगितलं. कोणता उपास, हे विचारायची विमलताईंची छाती झाली नाही.

या अकरा वर्षांत नयननं सात सिनेमे काढले. लहान लहान, पंधरा-वीस मिनिटांचे. पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषांचे, बायांवर जीव लावणाऱ्या बायांचे. पोटासाठी तो दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग करायचा, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि त्यातून उरेल त्यात वर्षा-दोन वर्षांनी आपला एक सिनेमा. ते कोलकात्यात दाखवले गेले, मुंबईत, आणि साता समुद्रापार कुठल्या तरी गावात, ज्याचं नाव मैनाबाईंच्या जिभेवर बसत नव्हतं. यवतमाळात एकदाही नाही. त्या साता समुद्रापारच्या गावाहून काचेचं एक बक्षीस आलं होतं. ते त्यांनी देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं. गावात कोणी विचारलं, पोरगा कोणते सिनेमे काढतो, तर त्या म्हणायच्या,

"तुमच्या टीव्हीत मावत नाहीत, असे."

त्यातला एक त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता. नऊ वर्षं झाली त्याला. विमलताईंच्या सुनेनं मोबाइलवर लावून दिला होता. शेवटी एक पोरगा गाडीत बसून जातो आणि त्याच्या गळ्यात पांढरा दुपट्टा असतो, नवा, घडीच्या रेघा दिसणारा. मैनाबाईंनी मोबाइल पालथा घातला. काही दिवसांनी दुसरा सिनेमा लावायला सांगितला. त्यातही दुपट्टा. तिसरा आला, त्यातही. सुनेनं एक मुलाखत दाखवली. तिच्यात कोणीतरी नयनला विचारत होतं, तुमच्या प्रत्येक फिल्ममध्ये हे पांढरं कापड का असतं? नयन हसून म्हणत होता, पाहणाऱ्यानं ठरवावं.

पाहणारीनं तेव्हाच ठरवलं होतं. याला सगळं ठाऊक आहे. अनिकेतनं शब्द मोडला आणि सांगून टाकलं.

तेव्हापासून दिवाळीला नयन घरी आला, ताटावर बसला, की त्यांना वाटायचं, आज विचारील. तो भाकरी मागायचा, ठेचा मागायचा. ते मात्र कधी विचारायचा नाही. साऱ्या जगाला दाखवतो आणि मायसमोर गप्प बसतो. पोरगा आपल्यावर दया करतो, असं मैनाबाईंनी धरलं. दुसऱ्याचा राग त्यांना पचायचा, दया पचायची नाही. आणि अनिकेतचं म्हणाल तर, शब्दाला न जागणारा माणूस होता, गेला ते बरंच झालं, असं मनाला सांगता यायचं. त्याच्या मरणाच्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं होतं.

आता समोर साकेत बाजेवर बसला होता. त्याच्याही गळ्यात पांढरा दुपट्टा. आणि पोरगा म्हणत होता, एवढंच.

"ह्याच्या गळ्यात हा आधीच काहून?" त्यांनी विचारलं.

"बाहेर ऊन हाय ना आई. उनाचा बांधला त्यानं."

मैनाबाईंनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं. किती सफाईनं झाकतो, त्यांच्या मनात आलं. बापावर गेला.

"लाव तुह्यी मशीन," त्या म्हणाल्या.

शाल्मलीनं हात वर केला. अमरसिंगनं मान डोलावली. मैनाबाई दारातून आत आल्या, साकेतसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही.

"ह्या घरचं पाणी तुले नाही. उठ."

साकेतच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मैनाबाई वळल्या, आतल्या खोलीत गेल्या. साकेतनं खाली वाकून बॅगेचा बंद धरला. नयनला ते वाकणं आवडलं असावं. त्यानं थांबा म्हटलं नाही.

तेवढ्यात मैनाबाई परत बाहेर आल्या. हातात ताट. ताटात कुंकवाची कोयरी, नारळ आणि नवऱ्याची, नानाजींची, एक पांढरी टोपी, त्यांनी कधी न घातलेली.

"बस," त्या साकेतला म्हणाल्या. "मानाचा पाहुणा रिकाम्या हातानं नाही जात ह्या घरातून."

साकेतनं नयनकडे पाहिलं नाही. नाटकातला पोरगा, बॅग सोडून सरळ बसला. मैनाबाईंनी त्याच्या गळ्यातला दुपट्टा सोडवला, झटकला, चार घड्या घातल्या. कपाळाला कुंकू लावलं. टोपी डोक्यावर ठेवली, दुपट्टा खांद्यांवर घातला, दोन्ही टोकं सारखी केली. नारळ त्याच्या ओंजळीत दिला. हे सगळं त्यांनी सावकाश केलं, लग्नात व्याह्या-जावयाचं करतात तसं, कुठं काही कमी पडू न देता.

"माह्या पोरानं आणलेलं माणूस होय तू," त्या म्हणाल्या. "मी अडाणी हाय, आंधळी नाही. जावयाचा मान असते, तेवढा केला तुह्या. आता ऐक. ज्यानं मान घेतला, त्यानं ह्या घरच्या बाईचा शब्द राखा लागते. तो फोन करीन, तू उचलजो नको. दारात येईन, दार उघडजो नको. अन् हे मी सांगतलं, हे त्याले जिवंतपणी कळू देजो नको. कळलं तर तो मले सोडीन. तुले दुसरं कोणी भेटंल बाबू. मले हा एकच हाय."

साकेतनं नकळत मान डोलावली.

"तवा तो 'हो आई' म्हणला होता," मैनाबाईंनी त्याला सांगितलं. "पाया पडला अन् मांगच्या दारानं गेला."

त्या नयनकडे वळल्या. त्यांचा श्वास चढला होता, पण मान ताठ होती.

"हे लिहाचं सोडून देल्लं तू. माह्यी लाज कायले झाकतं? नऊ वर्षं झाले, साऱ्या दुनियेले दुपट्टा दाखवतं अन् घरी येऊन ठेचा मागतं. दाखवाचं तर सगळं दाखव. मी केलं थे मी केलं."

नयन पोत्यावरून उठला नव्हता. कागद त्याच्या हातातून केव्हा खाली पडला, ते त्यालाही कळलं नसावं.

"हे कवा झालं?" त्यानं विचारलं.

"कवा म्हणजे? तू गाडी आणाले गेलता तवा."

"आई, हे कवा झालं?"

दुसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज लहान झाला होता. मैनाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं ताट कलंडलं. कुंकू कापसावर सांडलं.

"त्यानं… सांगतलं नाही तुले?"

"नाही."

"मंग हा दुपट्टा? दर सिनेमात?"

"गाडीच्या खिडकीत दिसला होता." नयन थांबून थांबून बोलत होता, जणू एकेक गोष्ट पुन्हा पाहत होता. "त्यानं माह्याकडे पाह्यलं नाही. गळ्यात नवीन दुपट्टा होता. मले वाटलं, ऊन लागते म्हणून स्टँडवर घेतला असंल. मले तेवढंच दिसलं होतं आई. म्हणून तेवढंच दाखवत राह्यलो."

"एकदाही नाही सांगतलं? आजारी होता तवाही?"

"फोनच नाही उचलला त्यानं."

मैनाबाई खाली बसल्या. बसायला जागा पाहिली नाही, हात टेकला नाही. नऊ वर्षं ज्याला शब्द मोडणारा म्हणून धरलं होतं, त्यानं तो शब्द अकोल्याच्या दवाखान्यातल्या खाटेपर्यंत नेला होता. त्यांनी सांगितलं होतं तसाच. जिवंतपणी कळू देऊ नको.

साकेत अजून टोपी घालून, नारळ धरून बसला होता. उठावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. शाल्मलीनं हळूच विचारलं,

"नयन, बंद करू?"

नयननं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. उत्तर दिलं ते कामाच्या आवाजात, क्रूशी बोलायचा त्या पुण्याच्या भाषेत.

"कॅमेरा बंद कर. अमरसिंग, खोलीचं एक मिनिट घे."

हे ते प्रत्येक प्रसंगानंतर करायचे. सगळे होते तिथंच थांबायचे, कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि अमरसिंग रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा. चार दिवसांत हे मिनिट मैनाबाईंमुळे प्रत्येक वेळी वाया गेलं होतं. कधी त्यांना खोकला यायचा, कधी दूध उतू जायचं, कधी त्या मध्येच विचारायच्या, "मुक्या खोलीत काय ऐकून राह्यला रे बाबू?"

अमरसिंगनं बोट वर केलं.

मैनाबाईंचं तोंड उघडलं होतं. त्यांना म्हणायचं होतं, म्या तुह्यासाठीच. म्हणायचं होतं, मले वाटलं तुले माहीत हाय. नयन त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो आतल्या खोलीतून दिसणाऱ्या मागच्या दाराकडे पाहत होता. त्यांनी तोंड मिटलं. बाहेर कोणाची तरी बैलजोडी गेली. पत्रा उन्हानं एकदा वाजला. साकेतच्या ओंजळीतल्या नारळात पाणी हललं, ते अमरसिंगला हेडफोनमधून ऐकू आलं असेल. मैनाबाई सबंध मिनिट गप्प बसल्या.

"झालं," अमरसिंग म्हणाला. "काकू, एकदम साफ."

कोणी हललं नाही. मैनाबाईंनी पदर सावरला, जमिनीवर हात टेकला, आणि पोराकडे वळून बोलायला सुरुवात केली,

"नयन…"

"अमरसिंग," नयन दाराकडे बघतच म्हणाला, "अजून एक घे."