पाकिटावरचं नाव

रविवारची प्रार्थना आटोपून कोरीन आईवडिलांकडे आली, तेव्हा टेबलावर मिठाच्या कुपीला टेकवून एक पाकीट उभं केलेलं होतं. लोण्याच्या सुरीने फोडलेलं. कडेला पिवळा, तेलकट ओरखडा. विमा कंपनीची निळी पट्टी तिला दारातूनच ओळखू आली.

"ये, बस," लेनर्ड म्हणाला. "तुझ्या आईनं सॉसेज परतलंय. वेड्यांना भूक लागते ना?"

लॉरेन सिंककडे तोंड करून उभी होती. नळ उगाच वाहत होता.

कोरीनच्या मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर ॲबरनॅथी, विम्याच्या यादीत नव्हत्या. यादीतल्या तिघांकडे चार महिन्यांची रांग होती. कोरीनला चार महिने झोपेविना काढणं शक्य नव्हतं. म्हणून ती दर गुरुवारी पदरचे पैसे भरी, महिनाअखेरीस पावती विम्याकडे पाठवी, आणि निम्म्याहून थोडे अधिक परत येण्याची वाट पाही. विमा बापाच्या कारखान्याचा. मुलांना वयाची सव्वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तो लागू; म्हणजे अजून दोन वर्षं तिला त्याच्याच सावलीत उभं राहणं भाग होतं. पत्रं आपल्या भाड्याच्या खोलीवर यावीत, असा अर्ज तिने आठवणीने भरला होता. पत्रं आलीही. चेक मात्र ज्याचा विमा त्याच्याच नावाने, त्याच्याच दारी जातो, हे तिने विचारलंच नव्हतं.

"मानसोपचार, पंचावन्न मिनिटं, चार भेटी," लेनर्डने चेकखालची चिठ्ठी सावकाश वाचली. "पंचावन्न मिनिटं काय सांगतेस गं त्या बाईला?"

"ते माझं आहे, डॅड."

"नाव माझं आहे इथं. एकतीस वर्षं भट्टीसमोर भाजून घेतलं, तेव्हा हा विमा मिळाला. माझ्याच पैशानं माझीच चुगली?"

"तळघराबद्दल सांगते," कोरीन म्हणाली.

नळ बंद झाला.

त्या शब्दाबरोबर जुनी थंडी टेबलाखालून सरकत आली: बाहेरून लागलेली कडी, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघर, आणि काळोखात पायऱ्या मोजणारी नऊ वर्षांची बोटं.

"शिस्त होती ती," लेनर्ड म्हणाला. "माझ्या बापानं तर पट्ट्यानं फोडलं मला. मी गेलो कुणाकडे रडायला?"

"नाही गेलात. ते दिसतंय."

त्याने चेक घडी करून शर्टाच्या खिशात घातला. "सही करून हा तुला देणार नाही मी. जा आता त्या बाईकडे. बघू कशाच्या जोरावर जातेस."

"लेनर्ड," लॉरेन पुटपुटली.

"तू गप."

कोरीनने मनातल्या मनात हिशेब केला. शनिवारची दुसरी पाळी, आणि गाडी विकायची. जमेल, कसंबसं, पण जमेल. तिने कोट उचलला.

"ठेवा तो चेक. मी गुरुवारी जाणार आहे. पावतीही पाठवणार आहे, दर महिन्याला. मला एक पैसा मिळाला नाही तरी पाठवीन."

"मग उपयोग काय?"

"पाकीट येत राहील, डॅड. तुमच्या नावाचं. चार भेटी, पंचावन्न मिनिटं. फोडायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

लेनर्डचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. कोरीन बाहेर पडली. फाटकाशी, रस्त्याच्या कडेला, टपालपेटीचं झाकण उघडं लोंबत होतं. तिने ते नीट लावलं.