चार पॉइंट काळोख

“काळोख परत आण,” मनमोहन तळपदे म्हणाले. “ते दार मला दिसता कामा नये.”

“सर, दार दिसायला नको? गोष्टीत त्या दारात खुनी आहे.”

“म्हणूनच.”

रे रोडला जिथे पूर्वी लाकडाची वखार होती, तिथे आता हर्षवर्धनचा स्टुडिओ होता. जुन्या चित्रपटांच्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यांना नवं रूप द्यायचं, हा त्याचा व्यवसाय. समोरच्या पडद्यावर १९६३ सालच्या एका कृष्णधवल रहस्यपटातला प्रसिद्ध शॉट थांबवलेला होता: जिना, कठडा धरून उभी असलेली नायिका आणि तिच्यामागचं दार. त्या दारातल्या काळोखावर समीक्षक साठ वर्षं लिहीत आले होते. तळपदे त्या काळी परळच्या एका लॅबमध्ये ग्रेडर होते. कोणता शॉट किती उजळ किंवा किती गडद छापायचा, हे ठरवणं त्यांचं काम. बाकीचे तंत्रज्ञ एकेक करून वारले. त्यामुळे ‘ही प्रत मुळाबरहुकूम आहे’ असं ती दाखवणाऱ्या चित्रपट महोत्सवाला लिहून देऊ शकेल असा जगात एकच माणूस उरला होता आणि तो भांडकुदळ होता.

“मोबाइलवर काळं ठिक्कर दिसतं, सर. लोक म्हणतात स्क्रीन गेली.”

“मग त्यांनी मोबाइल फेकावा. खून कोणी केला हे पाठ असूनही लोक हा चित्रपट पुन्हा का बघतात? सांग.”

“मूड, सर. अ‍ॅटमॉस्फिअर.”

“मूड उदबत्तीनेही येतो. त्या दारात काय आहे ते कधीच दिसत नाही, म्हणून लोक येतात. प्रत्येक जण तिथे स्वतःचं पाप उभं करतो. तू दिवा लावलास की तिथे एक नट उरतो फक्त.”

“नटच नाहीये ना तिथे!” हर्षवर्धनने हसत दाराचा कोपरा मोठा केला. “हा बघा. कोण हा हाफ पँटवाला?”

दाराच्या उजव्या अंगाला, दिव्यापुढे काळी फळी धरून, एक सडपातळ तरुण श्वास रोखून उभा होता.

“रामजी कासारे,” तळपदे म्हणाले. “लाइटमन.”

नायिका त्या एका टेकमध्ये खरोखरीची रडली होती. पुन्हा तशी रडली नाही. तिच्या गालावर सावली पाडणारा रामजी चौकटीत आला आहे, हे रशेस, म्हणजे चित्रीकरणाच्या कच्च्या प्रती, पाहतानाच कळलं. दिग्दर्शक लॅबमध्ये आला आणि म्हणाला, ‘बुडव त्याला.’ निगेटिव्हवरून छापताना जितका प्रकाश जास्त द्यावा, तितकी प्रत काळी होते. बावीस वर्षांच्या तळपद्यांनी प्रकाश चार पॉइंट वाढवला. रामजी बुडाला. त्याच्याबरोबर दार, जिना आणि नायिकेचा अर्धा चेहराही बुडाला. आणि पुढे जिला दिग्दर्शकाची प्रतिभा म्हणण्यात आलं, ती जन्माला आली.

“दोन मिनिटांचं काम आहे, पुसून टाकतो,” हर्षवर्धन म्हणाला. “फोटो टाकलाय मी ऑनलाइन. ‘खुनाच्या दारातलं भूत’. जाम चाललाय.”

“पुसायचं नाही आणि उजळायचंही नाही. नाहीतर माझी सही विसर.”

दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, गिरगावातल्या तळपद्यांच्या दारावरची बेल लागोपाठ तीनदा वाजली.

“तुम्ही तळपदे? मी चंपा. रामजी कासारेंची मुलगी. त्या हर्षवर्धनकडून पत्ता घेतला. बसायला नाही आले.”

चंपाताई नायगावला राहत. पालिकेच्या रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. नलूताईंनी, तळपद्यांच्या पत्नीने, खुर्ची पुढे केली. चंपाताईंनी ती पाहिली न पाहिल्यासारखी केली आणि फोन तळपद्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

“हा माझा बाप. मी दीड वर्षाची होते तेव्हा स्टुडिओत शॉक लागून गेला. घरात त्याचा एक पण फोटो नाही. आईने हा पिक्चर मला तीनदा दाखवला, मॅटिनीला. तो सीन आला की माझी मान धरायची आणि म्हणायची, ‘दारात बघ, तिथे उभा आहे.’ मला नुसतं काळं दिसायचं. वाटायचं, माझेच डोळे खराब. सातवीत चष्मा लागला तर मी खूश! आता दिसेल म्हणून.”

तळपद्यांनी फोनवरून नजर काढून घेतली.

“आता दिसतोय, तर तुम्ही नको म्हणता म्हणे.”

“तो दोष होता, बाई. चित्रपटातला.”

“दोष? आख्ख्या पिक्चरभर हिरोइनच्या तोंडावर उजेड कोणी पाडला? त्याने. आणि त्याच्यावर काळं कोणी फासलं?”

“मी काळं फासलं नाही. मी चार पॉइंट वाढवले.”

“वा! म्हणजे मोजून फासलं.”

“अहो, द्या ना सही आणि मोकळे व्हा,” नलूताई म्हणाल्या. “त्या मेल्या दाराशी लग्न लागलंय का तुमचं?”

“तू मध्ये बोलू नकोस.” तळपदे चंपाताईंकडे वळले. “त्या फोटोखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंत? हसतायत त्याला. उजेडात आणलात तर तो चूक म्हणूनच दिसेल. काळोखात तो त्या भीतीचा भाग आहे. साठ वर्षं माणसं त्या दाराला दचकली ती त्याच्यामुळे.”

“हे तुम्हाला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे? हसू देत हसायचं तर. वॉर्डात ह्याच्याहून वाईट ऐकून घेतलंय मी. लाज तुम्हाला वाटते, माझ्या बापाला नाही.”

“मूळ प्रत काळी होती. मी खोटं लिहून देणार नाही.”

“मग नाव तरी टाका त्याचं.”

“मूळ श्रेयनामांच्या पाट्यांमध्ये नाही. टाकता येणार नाही.”

“मूळ, मूळ! ठेवा तुमचं मूळ तुमच्यापाशी.”

चंपाताई जिना उतरून गेल्या. नलूताईंनी खुर्ची जागेवर नेऊन ठेवली, ती जरा आपटूनच.

त्या दुपारी तळपद्यांनी दाखला लिहायला घेतला. चार वेळा खोडला, पाचव्यांदा शुद्ध उतरवला. ‘दारातला काळोख मुळातला आहे. तो एक चूक झाकण्यासाठी मी केला. चौकटीच्या उजव्या बाजूस लाइटमन रामजी कासारे उभे आहेत. ते दिसत नाहीत; परंतु ते पुसलेले नाहीत.’ खाली सही केली आणि हा दाखला खेळापूर्वी पूर्ण वाचून दाखवावा, अशी अट घातली. एक प्रत त्यांनी चंपाताईंना पाठवली. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी अकरा वाजता, महोत्सवातल्या खेळासाठी, दादरचं एक छोटं सभागृह तरुण मुलामुलींनी भरून गेलं होतं. चंपाताई तिसऱ्या रांगेत एकट्या बसल्या होत्या. हर्षवर्धन मंचावर आला, दाखल्याचं पहिलं वाक्य त्याने वाचलं आणि कागदाची घडी घातली.

“पुढे वाच!” तळपदे सातव्या रांगेतून ओरडले.

“सर, टाइम नाहीये,” तो हसून म्हणाला आणि दिवे मालवले गेले.

एका तासाने तो शॉट आला. जिना, नायिका, आणि दार. सभागृहातली खुसपुस थांबली. तळपद्यांच्या शेजारच्या मुलीने मैत्रिणीचं मनगट घट्ट धरलं. ज्यांचे आईबाप त्या वेळी जन्मलेही नव्हते, अशी दोनशे माणसं त्या काळोखाकडे टक लावून होती. तळपद्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याचा त्यांना त्या क्षणी काडीइतका आनंद झाला नाही.

चंपाताई उभ्या राहिल्या.

“ओ मावशी, खाली बसा ना!”

“काय दिसत नाय! बसा!”

“त्या बसणार नाहीत,” तळपदे मागे वळून म्हणाले. “तुम्ही तोंड बंद ठेवा.”

“तुम्ही कोण, काका? वॉचमन?”

पडद्यावरचा काळा रंग कधीच पूर्ण काळा नसतो. प्रोजेक्टरच्या दिव्याची पुसट राखाडी झाक त्यात राहतेच. चंपाताईंच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली थेट दारात, रामजी उभा होता तिथेच पडली होती. काळ्यावर काळं. ती ओळखण्याचा सराव त्या सभागृहात एकाच माणसाच्या डोळ्यांना होता. त्या डोळ्यांनी ती पाहिली आणि ते पापणी न लवता पाहत राहिले.

मग शॉट बदलला. पडद्यावर एक पांढरी भिंत आली आणि अंबाड्यासकट ती सावली सगळ्यांना दिसली. सभागृह खदखदून हसलं. चंपाताईंनी खांद्यावरचा पदर नीट केला, खुर्ची हाताने चाचपली आणि सावकाश खाली बसल्या.