डावीकडे जाणारी करवत

काल दुपारी चार वाजता मिस्त्रींनी मला भुशात फेकले. पाते वाकले नाही, मूठही तडकली नाही. पण इतक्या वर्षांत असे कधी घडले नव्हते, म्हणून ही हकीकत सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. ओंडके चिरणाऱ्या थोराड करवतींपैकी मी नव्हे. माझे पाते वीतभर आणि पातळ, दाते बारीक, पाठीवर पितळेची जाड पट्टी. त्या पट्टीमुळे पाते लवत नाही आणि तिच्याच वजनाने काप खाली उतरतो. माझे काम एकच. टेबलाच्या खणाची एक फळी घ्यायची आणि तिच्या टोकाला कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे आकार कापायचे. दुसऱ्या फळीत त्याच मापाच्या खाचा कापायच्या. दोन्ही एकमेकींत बसल्या की कोपऱ्याला खिळा लागत नाही. कारागीर या सांध्याला डव्हटेल म्हणतात.

मिस्त्रींनी मला निवडले तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. दुकानदाराने मोठ्या, चकचकीत करवती पुढे मांडल्या. त्या त्यांनी बाजूला सारल्या. मला डोळ्यासमोर धरून पाते सरळ आहे का, ते पाहिले. मूठ तीन बोटांत धरली, तर्जनी पुढे रोखली आणि हवेतच दोन-चार हात मारले. मग दात्यांवरून नख फिरवले. डव्हटेलचा काप लाकडाच्या रेषांच्या दिशेने उतरतो, म्हणून दात्यांची धार पटाशीसारखी सरळ लागते. तिरक्या धारेचे तिथे काम नाही. हे सगळे होईपर्यंत दुकानात दिवे लागले.

“करवत निवडताय की जावई?” बायकोने विचारले.

“जावयाला कानस लावता येत नाही,” मिस्त्री म्हणाले. “हिला येते.”

पुढे सगळी आळी त्या बायकोला काकू म्हणू लागली. कामाची वाटणी ठरून गेली. शेपट्या मिस्त्रींनी कापायच्या, खाचा काकूंनी. हात दोन, करवत एक आणि नियमही एकच: आखलेली रेघ राखायची, रेघेबाहेरचे लाकूड कापून काढायचे. गिऱ्हाइके खण ओढून पाहत, पॉलिशची वाहवा करत. कोपऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नसे. ते दोघे मात्र एकमेकांकडे पाहत, आणि मला तेवढे पुरे होते. पाते कापात अडकू नये म्हणून माझे दाते आळीपाळीने किंचित डावीउजवीकडे वळवलेले आहेत. त्यांना कानस लावायची ती मिस्त्रींनीच. मग तेलाचे फडके फिरवून मला खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगायचे.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींच्या उजव्या अंगावरून वारे गेले. बोलणे परतले, पाय परतला, हात मागे रेंगाळला. मी खिळ्यावरच राहिले. अंगावर गंजाचे ठिपके आले. काकूंच्या भावाला ते पाहवेना. तो गाड्यांचा फिटर, मनाने दिलदार. मला उचलून तो धार लावणाऱ्याकडे घेऊन गेला. तो माणूस वखारीच्या करवतींना धार लावणारा, हात चालवून मोकळा झाला. डावीकडचे दाते त्याच्याकडून जास्त बाहेर वळवले गेले. परत आले तेव्हा मी अशी लखलखत होते की माझे दाते तपासावेत, असे कुणाच्या मनातही आले नाही.

अशात शेजारच्या शिंपीणबाईंनी मशीनच्या टेबलाला खण सांगितला. मिस्त्रींनी काकूंना बजावले, हा एक खण जमला तर दुकान चालू, नाही तर हत्यारे द्यायची. बोलून थांबले नाहीत, जुन्या हत्यारांच्या व्यापाऱ्याला निरोपही धाडला. रंधे, गुण्या, कानशी सगळे खोक्यात भरले. बाहेर राहिलो मी, एक पटाशी आणि मोगरी.

काल मिस्त्रींनी आधी टाकाऊ तुकड्यावर काप घेतला. तो रेघ सोडून डावीकडे गेला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. मी ओढत होते आणि ते हाताला दोष देत होते. मला तोंड असते तर तिथेच सांगितले असते. “संपलं,” ते म्हणाले आणि त्यांनी मला फेकले.

काकूंनी मला उचलले, फुंकर मारली आणि त्याच तुकड्यावर काप घेतला. तोही डावीकडे. मिस्त्री म्हणाले, माझे मन राखायला मुद्दाम वाकडे कापू नकोस. भाऊ ओट्यावर चहा पीत बसला होता, त्याला काकूंनी आत बोलावले आणि मला त्याच्या हातात दिले. त्याने जीभ दाताखाली धरून कापले. त्याचाही काप डावीकडेच.

“तिघांचे हात एकाच दिवशी बिघडले का हो?” काकूंनी विचारले.

“माझा जन्मापासूनच बिघडलाय, ताई,” भाऊ म्हणाला. “माझं धरू नका.”

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मला खिडकीकडे धरले आणि पात्याच्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. डावीकडे तो जरा जास्तच टोचला. मेव्हण्याकडे त्यांनी एकदा पाहिले. तो कपात पाहू लागला. मग खोक्यातून धार लावायचा तेलाचा दगड निघाला. तो पात्याला सपाट टेकवून मिस्त्रींनी डावीकडच्या दात्यांवरून हलकेच दोनदा ओढला. नवा काप घेतला. तो रेघेच्या कडेने सरळ उतरला. फक्त सुरुवातीला, हात थरथरला तिथे, लाकूड थोडे फाटले.

त्या फाटलेल्या जागेवर त्यांनी बोट ठेवले. “आता जे चुकेल ते माझं,” ते म्हणाले, आणि खणाची खरी फळी पुढे ओढली.

दिवेलागणीपर्यंत एक कोपरा झाला. शेपट्या मिस्त्रींच्या, खाचा काकूंच्या. मोगरीच्या हलक्या ठोक्याने तो बसला. एका शेपटीशेजारी केसाएवढी फट राहिली. मिस्त्री ती फट बराच वेळ पाहत होते. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवायचे का, असे काकूंनी विचारले. त्यांनी तेलाचे फडके हातात घेतले.

मित्रांनो, हत्याराला पुसा, तेल लावा, पण नुसत्या चकाकीला भुलू नका. धार लावून आणले की आधी टाकाऊ तुकड्यावर चालवून पाहा. आणि काप चुकला तर हाताला बोल लावण्याआधी दात्यांवरून एकदा अंगठा फिरवा. हत्यार स्वतःहून काही सांगत नाही.

आज सकाळ झाली आहे. व्यापाऱ्याची हातगाडी अजून आलेली नाही. तीन कोपरे बाकी आहेत. भरलेला खोका दाराशी आहे. तेलाचे फडके फिरवून मिस्त्रींनी मला काल खिळ्यावर टांगले, मी तिथेच आहे.