आग पाडायला लागणारा वेळ

ओमप्रकाशजींनी उलटा हात बॉयलरच्या उघड्या पोटावर टेकवला आणि काढायचं विसरले.

"सेठजी, हात!" नत्थूजी ओरडले.

त्यांनी हात मागे घेतला. बोटांवरची कातडी लालभडक झाली होती. दुखायला हवं हे त्यांना कळत होतं. दुखत मात्र नव्हतं. एप्रिलपासून सगळं असंच चाललं होतं. जेवण पोटात जाई, कागदांवर सह्या होत, माणसं भेटून जात, आणि मनाला कशाचा पत्ताच नसे.

खाप्याच्या रस्त्यावरची ही शेड त्यांचीच. पैसेवाल्यांना नाद असतातच. शेअर बाजारात बक्कळ कमावलेल्या ओमप्रकाशजींना वाफेच्या इंजिनांचा होता. बंद पडलेल्या कारखान्यांतून, रेल्वेच्या लिलावांतून आणलेली छोट्या लायनीची तीन इंजिनं इथं उभी होती. नातेवाईक पाठीमागे त्यांना भंगारवाले सेठ म्हणत, आणि प्रेमलताबाई ते हसत हसत नवऱ्याच्या कानावर घालत. नत्थूजी रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट त्यांच्या नावावर होतं, आणि तो किती तापला ते उलट्या हातानं ओळखायची रीतही त्यांनीच सेठजींना शिकवलेली.

आज खुशी आली होती. लेक पुण्याला असते. शेडमध्ये तिचं हे पहिलंच पाऊल. खुर्चीत बसून तिनं मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी पाटी धरली होती. पाटीवर आईचं नाव होतं. इंजिनानं पहिली शिटी दिली की पाटी त्याच्या अंगावर बसवायची, हे तिनंच ठरवलं होतं.

खरं तर ती शिटी एप्रिलमध्येच व्हायची होती. त्या दिवशीही आग अशीच पेटवली होती. छातीत दुखतं म्हणून प्रेमलताबाई सकाळीच धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती झाल्या होत्या. काळजीचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दुपारी चारला बाईंचा फोन आला.

"येता का? जीव घाबरून राहिला."

"आग पेटली आहे ना," ओमप्रकाशजी म्हणाले होते. "पेटती आग टाकून निघता येत नाही. ती उतरवायलाच तीन तास लागतात."

"बरं. या मग सावकाश."

शेडपासून धंतोली तासाभराच्या वाटेवर. सहाला बाई गेल्या. ओमप्रकाशजी साडेसातला पोचले. त्या दिवशी शिटीही झालीच नाही. वाफ हवी तेवढी चढलीच नाही.

तेरवीला आलेल्यांना खुशीच सांगत होती, की पप्पा अडकले होते, पेटती आग सोडून येताच येत नाही, तीन तास लागतात. लोक मान हलवत होते. त्यातलं कळणारा सगळ्या घोळक्यात एकच माणूस होता. नत्थूजी दाराशी, चपलांजवळ बसले होते, आणि ते काही बोलले नव्हते.

भट्टीतून सूंसूं आवाज यायला लागला. नत्थूजींनी झाकण उघडून आत वाकून पाहिलं.

"नळी गळून राहिली, सेठजी. आग पाडाले लागते."

"म्हणजे?" खुशीनं विचारलं.

"म्हणजे सारे निखारे ओढून खाली टाकाचे, बेटा."

खुशीनं घड्याळ पाहिलं. "तीन तास? मग माझं विमान चुकेल."

नत्थूजींनी लांब लोखंडी आकडा उचलला, दुसरा ओमप्रकाशजींनी घेतला. दोघंही कामाला लागले. निखारे खालच्या खड्ड्यात धबाधब पडू लागले. वर पाणी मारलं तशी शेडभर राखेची वाफ झाली. खुशी पाटी छातीशी धरून मागे सरकली. शेवटचा ढीग ओढून नत्थूजींनी झाकण लावलं.

"झालं?"

"झालं."

"एवढ्यात?" खुशीनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "अकराच मिनिटं झाली."

नत्थूजी दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "आज आग कमी होती, बेटा. त्या दिवशी बहुत होती."

म्हातारा आजवर उभ्या आयुष्यात इंजिनाबद्दल खोटं बोलला नव्हता. ओमप्रकाशजींनी फक्त मान हलवायची होती. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. लेक विमानानं पुण्याला गेली असती आणि पुढच्या वेळी पाटी घेऊन परत आली असती.

त्यांनी आकडा भिंतीला टेकवून ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "त्या दिवशीही एवढीच होती."

"मग?"

"नत्थूजी म्हणाले होते, तुम्ही जा, मी पाहतो." आवाज सपाट होता, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसा. "मले शिटी ऐकायची होती."

पाटीवरचा कागद एका कोपऱ्याला सुटला होता. तो खुशीनं नीट दुमडला, पाटी बगलेत धरली आणि ती चालायला लागली. थोड्या वेळानं बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

ओमप्रकाशजींनी उजवा हात डाव्या हातात धरला. बोटांवर फोड आले होते आणि आता ती चांगलीच ठणकत होती.

नत्थूजी बादलीत तांब्या बुडवून जवळ आले. "पाणी टाकतो, सेठजी. हात पुढे करा."

"राहू द्या," ओमप्रकाशजी म्हणाले.