दुर्गाबाईंचा खराटा

"हे तुम्हीच ना, मावशी?" मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

दुर्गाबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "मीच आहो. कावून? चांगली नाई आली का?"

पंधरा दिवसांचे चारशे बारा फोटो. सगळ्यांत दुर्गाबाई. खराट्यानं झाडताना, शेणाचा सडा टाकताना. खोकड एकही नाही. हसावं की कपाळावर हात मारावा, मला कळेना.

आम्ही खोकडं, म्हणजे माळरानावरचे लहान कोल्हे, मोजत होतो. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे अचलपूरकडच्या गावागावांत, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या गवतात लावले होते. या गावात खोकड आहे असं ठासून सांगणाऱ्या एकट्या दुर्गाबाई. त्या वर्षी लाल्या रोगानं कपाशी गेली, मजुरी आटली. त्या रोज गवतात गोवऱ्या वेचायला जात आणि खोकड बघत. पण सरपंच देवराव चारचौघांत म्हणाले, "बाई कुत्र्याले खोकड समजून राहिली." ते त्यांना फार लागलं. कॅमेऱ्याची राखण त्यांनी त्याच दिवशी मागून घेतली.

"पण रोज झाडता कशाला?"

"फोटो निंघते म्हन्ता, मंग पावन्याले घानीत उभं करता का?"

"माणसाच्या वासाला बुजतं हो ते."

त्यांचा चेहरा उतरला. "मनजे म्याच हाकललं त्याले."

कॅमेरा आणखी आठच दिवस राहणार होता. तिकडे फिरकूही नका, असं बजावून मी निघाले.

आठ दिवसांनी गेले, तर दुर्गाबाई शेजारच्या पार्बताबाईंशी भांडत होत्या. "कॅमेऱ्यापाशी बाभळीखाली ठेवला व्हता माहा खराटा. दुरून पाह्यलं, तं नाई. तूनंच नेला."

मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. देवरावही येऊन उभे राहिले. बकऱ्या, बकऱ्या, टिटवी, पुन्हा बकऱ्या. आणि मग, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, खोकड. मागे तीन पिल्लं. पुढच्या फोटोत तिघंही खराटा ओढत होती.

ओट्यावर हशा पिकला. मी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

"शेपटाचं टोक काळं हाय. कुत्रं नाई," देवराव हळूच म्हणाले.

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "चार झाले ना, मॅडम? लिवा." मग त्या पार्बताबाईंकडे वळल्या. "बाई, चुकलं माहं."

संध्याकाळी आम्ही कॅमेऱ्याशी गेलो. तो आता तिथेच राहणार होता. खराट्याच्या काड्या गवतात विखुरल्या होत्या. त्या गोळा करायला मी वाकले, तर दुर्गाबाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या, मॅडम. लेकरं खेळून राहिली."